उपाशीपोटी पळायचा सल्ला सगळ्यांना एकच कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत आणि आता सगळीकडंच, मोबाईलवर तर विचारूच नका, सकाळी उपाशीपोटी व्यायाम करा म्हणजे पेशीतले माइटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबी जळते, म्हातारपण लांब जातं असं सारखं वाचायला मिळतंय. त्यातलं सगळंच खोटं नाही हे आधीच सांगते. पण हा सल्ला कोणासाठी आहे ते त्यात कुठंच लिहिलेलं नसतं आणि वाचणारी माणसं काही एकसारखी नसतात. पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस तो वाचतो, पोलीस भरतीची तयारी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी तोच वाचते आणि डायबेटिसची गोळी चालू असलेले आजोबाही तोच वाचतात, आणि तिघंही दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिऊन घराबाहेर पडतात. मी क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे, पहाटे भरतीच्या पोरापोरींना मैदानावर जमेल तशी मदत करते, त्यामुळं या सल्ल्याचं काय होतं ते मला रोज समोर दिसतं, म्हणून हे पत्र जरा मोठं झालं तरी छापावं ही विनंती.

आधी मूळ गोष्ट. माइटोकॉन्ड्रिया, शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, म्हणजे आपण खाल्लेलं अन्न ऑक्सिजनच्या मदतीनं जिथं शरीराला वापरता येईल अशा ऊर्जेत बदलतं ती जागा. व्यायामानं स्नायूतली ही क्षमता वाढते हे १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) पळवून दाखवून दिलं, काही आठवड्यांच्या पळण्यानंतर उंदरांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरायची ताकद जवळपास दुप्पट झाली होती. म्हणजे पहिलं औषध व्यायाम हेच. खाण्याची वेळ ही त्याच्यानंतरची गोष्ट आहे, आणि बरीच नंतरची. आमच्याकडं मात्र उलटं झालंय, लोक आठ दिवसांतून दोनदा फिरायला जातात आणि त्याच्या आधी काय खायचं, नंतर किती मिनिटांनी खायचं यावर तासभर बोलतात.

मग खाण्याच्या वेळेचा विषय आला कुठून? तर स्नायूत साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, मोठ्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. स्वीडनमधल्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघांनी १९६६ साली स्वतःवरच प्रयोग केला, सायकल एकच, दोन बाजूंना दोघं बसले, प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारलं आणि मग सुई घालून दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. ज्या पायानं काम केलं त्याचा साठा संपला होता, आणि नंतर भरपूर पिष्टमय खाल्ल्यावर त्याच पायात साठा आधीपेक्षाही जास्त भरला, दुसरा पाय होता तसाच. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण सगळा हिशोब ज्या स्नायूनं काम केलं त्याच्याच नावावर जमा होतो हे त्यातून इतकं स्वच्छ दिसतं.

पुढं २००५ साली डेन्मार्कमध्ये सात तरुणांवर दहा आठवडे असाच एक-एक पायाचा प्रयोग झाला. एका पायाला रोज एकदा व्यायाम, दुसऱ्या पायाला एका दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी, काम दोन्हीचं एकूण सारखंच. दोनदावाल्या पायाचा दुसरा व्यायाम दोनच तासांनी, मधे काही न खाता, म्हणजे साठा रिकामा असताना व्हायचा. शेवटी तोच पाय बराच जास्त वेळ टिकला आणि त्याच्या स्नायूत माइटोकॉन्ड्रियाचं मोजमाप ज्यावरून करतात ते एन्झाइमही जास्त वाढलं होतं. कारणही कळतं, साठा कमी असला की स्नायूतला एएमपीके नावाचा ऊर्जेवर नजर ठेवणारा घटक जोरात जागा होतो, तो पुढं पीजीसी-वन-अल्फा नावाच्या पेशीतल्या प्रथिनाला उठवतो आणि मग नवीन माइटोकॉन्ड्रिया बनवायचं काम सुरू होतं. ‘उपाशी व्यायाम’ या सगळ्या लाटेचं मूळ शोधत गेलं तर बरंचसं इथं सापडतं.

पण पुढचं कोणी सांगत नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात मुरलेल्या सायकलपटूंवर तीन आठवडे हेच करून बघितलं. एन्झाइम वाढले, पण रिकाम्या साठ्यावर त्यांना वेगाचा सराव पूर्ण जोरानं करताच येत नव्हता, आणि शेवटी तासाभराच्या चाचणीत साठा भरून सराव करणारे आणि रिकामा ठेवून करणारे दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली फायदा, घड्याळात नाही. ज्या पोरांना घड्याळावर मार्क मिळणार आहेत त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे हो.

आणि अजून एक गोष्ट, हीच बहुतेक लेखांतून सुटते. रात्री जेवून झोपलं आणि सकाळी काही न खाता पळायला गेलं तर यकृतातला साठा बराच उतरलेला असतो, पण स्नायूतला जवळजवळ तसाच असतो, झोपेत पाय कुठं पळतात? त्यामुळं रिकामं पोट म्हणजे रिकामा स्नायू नाही. डेन्मार्कच्या प्रयोगातला फायदा सकाळच्या उपाशी फेरफटक्याला तसाच्या तसा चिकटवता येत नाही. उपाशी व्यायामाचा स्वतःचा वेगळा फायदा आहे, नाही असं नाही. इंग्लंडमध्ये बाथ इथं जाड पुरुषांवर सहा आठवड्यांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला तो, नाश्त्याआधी सायकल चालवणाऱ्यांची चरबी व्यायामाच्या वेळी नाश्त्यानंतरवाल्यांच्या साधारण दुप्पट वापरली गेली आणि त्यांचं इन्सुलिनही जास्त चांगलं काम करायला लागलं. वजन मात्र दोन्ही गटांचं सारखंच राहिलं. म्हणजे आपला तो खुर्चीतला पंचेचाळिशीतला माणूस, ज्याच्या अंगात साठाच साठा आहे, डायबेटिसची गोळी नाही, छातीचा त्रास नाही, त्यानं सकाळी चहाबिस्किटाच्या आधी चाळीस मिनिटं झपझप चालावं, चांगलंच आहे. फक्त त्यानंतर टपरीवर जमून गोड चहा, भजी आणि वर जिलेबी असं करू नये, आमच्या गावात सकाळी सातला बाजारपेठेत हेच चित्र असतं आणि मग हीच मंडळी म्हणतात की चालून काही फरकच पडत नाही.

आता भरतीच्या मुलींचं सांगते, कारण खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले. आपल्याकडं पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० मार्कांची, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० मार्क, आणि १०० मीटर व गोळाफेक प्रत्येकी १५. मुलांची धाव पाच-सहा मिनिटांचा खेळ, मुलींची तीन मिनिटांच्या आसपास. एवढ्या वेगात पळताना शरीर मुख्यतः साखरच वापरतं, चरबी तेवढ्या झटपट वापरताच येत नाही. म्हणजे ज्या दिवशी वेगाचा सराव आहे त्या दिवशी उपाशी येणं म्हणजे सराव वाया घालवणं. आणि या पोरी येतात कशा, तर पहाटे साडेचारला उठून, आदल्या रात्री आठला एक भाकरी आणि पातळ आमटी खाऊन, कारण वजन वाढलं तर गोळा लांब जाईल पण पळणं जमणार नाही असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि वरून रील बघितलेली असते की उपाशी पळा, माइटोकॉन्ड्रिया वाढवा.

परवा एक मुलगी वेगाच्या तिसऱ्या फेरीनंतर गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली ती सरळच होईना. ओठ पांढुरके, नखं पांढरी, घाम गार. सावलीत बसवलं, गूळ आणि पाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांनी बोलायला लागली. मी तिची खालची पापणी ओढून बघितली तर आत लाली म्हणून नाही. तपासायला पाठवली तर हिमोग्लोबिन आठच्या आत. तिच्या पिशवीत आईनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू कागदात गुंडाळलेला तसाच होता, म्हणाली की मॅडम पळून झाल्यावर दोन तास खायचं नसतं ना, नाहीतर फायदा जातो. हे तिला कोणी सांगितलं? कोणीच नाही आणि सगळ्यांनीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्ताची कमी आहे. आणि माइटोकॉन्ड्रियाच्या गप्पा मारताना लोहाचं नाव कोणी घेत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं, कारण लोह फक्त रक्तातला ऑक्सिजन वाहायलाच लागतं असं नाही, माइटोकॉन्ड्रियाच्या आत ज्या साखळीतून ऊर्जा तयार होते तिच्या कड्याकड्यांत लोह बसवलेलं आहे. लोहच नसेल तर उपाशी पळून, बर्फाच्या पाण्यात बसून, काहीही करून ती साखळी नीट चालणार नाही. या मुलींसाठी माइटोकॉन्ड्रियाचा सगळ्यात मोठा उपाय कुठला असेल तर तो उपवास नाही, लोहाच्या गोळ्या आणि दोन वेळचं पोटभर जेवण हाच आहे.

वेळेचं महत्त्व इथंही आहे, आणि खरं कामाचं महत्त्व इथंच आहे. व्यायामानंतर साधारण तीन ते सहा तासांत हेपसिडिन नावाचं हार्मोन वर चढतं आणि आतड्यातून लोह आत घ्यायचं प्रमाण कमी करतं. म्हणून लोहाचं जे काही खायचं ते सकाळी पळून आल्या आल्या खावं, दुपारवर ढकलू नये. अळिवाचा लाडू, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळून, सोबत बाजरीची भाकरी, अंडं चालत असेल तर अंडं. आणि चहा नाही. मैदानावरून परतताना पहिला थांबा चहाची टपरी असतो, आणि जेवणासोबत चहा घेतला तर धान्य-कडधान्यातलं लोह अंगात जायचं प्रमाण निम्म्याच्या खाली येतं. चहा सोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः चहाबाज आहे, पण तास-दीड तास थांबून प्या. एवढी एक ओळ जरी तुमच्या पुरवणीत ठळक छापली तर एखाद्या महागड्या पावडरीच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोग होईल.

मी मुलामुलींना सांगते ते अगदी साधं आहे. वेगाचा दिवस असेल तर पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू, पोटाला जड होईल असं काही नको. हळू आणि लांब पळायचा दिवस असेल, रात्रीचं जेवण व्यवस्थित झालेलं असेल आणि तब्येत चांगली असेल, तर आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा काही न खाता पळालं तरी हरकत नाही, त्याचा थोडा फायदा होतोच. बेल्जियममधल्या अभ्यासात सहा आठवडे उपाशी सराव करणाऱ्या तरुणांच्या स्नायूत ते एन्झाइम वाढलेलं दिसलं होतं, पण त्यांना उरलेला दिवस पोटभर खायला होतं, हे विसरायचं नाही. ज्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सराव आहे त्या दिवशी सकाळचं खाणं लांबवायचं नाही. आणि पळून झाल्यावर तासा-दोन तासांच्या आत नीट जेवण, त्यात प्रथिनं वीस-पंचवीस ग्रॅम तरी. दोन अंडी आणि एक ग्लास दूध म्हटलं तर वीसच्या आसपास जातं, अंडी नको असतील तर मूठभर शेंगदाणे, वाटीभर उसळ आणि दूध किंवा दही. अमुक मिनिटांत खाल्लं नाही तर सगळं वाया असं काही नसतं, तेवढी भीती नको.

प्रथिनांबद्दलही एक खरं सांगायला हवं, की दंड-मांड्या भरायला आणि झीज भरून काढायला त्यांचा उपयोग होतो, पण माइटोकॉन्ड्रियासाठीचा हुकूम व्यायामच देतो. २०११ साली सायकलपटूंवर तपासलं तेव्हा सायकलिंगनंतर प्रथिनं घेतल्यावर स्नायूच्या आकुंचनाची प्रथिनं जास्त बनली, माइटोकॉन्ड्रियाची मात्र त्यामुळं वेगळी काही वाढली नाहीत. त्यामुळं डब्यावर माइटोकॉन्ड्रिया लिहून पावडर विकणाऱ्यांवर विश्वास ठेवायच्या आधी जरा थांबावं. व्हिटॅमिनच्या मोठ्या गोळ्यांचं तर त्याहून वाईट आहे. जर्मनीत २००९ साली दिसलं की व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि सोबत ई व्हिटॅमिन दिलं तर व्यायामानं इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणाच दबली गेली. व्यायामात जो थोडा ताण पेशीवर येतो तोच तिला सुधारायचा निरोप देतो, आणि गोळ्या तो निरोपच पुसून टाकतात. लिंबू, आवळा, पेरू खुशाल खा, त्यात एवढा डोस नसतो.

मुलींच्या बाबतीत अजून एक, जे घरात बोललं जात नाही. खाणं कमी आणि पळणं जास्त असं महिनोन्महिने चाललं की पाळी लांबते, मग बंद होते, नळीच्या हाडात दुखायला लागतं, तिथं बारीक फ्रॅक्चर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली यावर वेगळी सूचनाच काढली, खेळाडूला खेळाच्या मानानं ऊर्जा कमी पडणं हा आजार म्हणून. आमच्याकडं पाळी बंद झाली की आईला वाटतं पोरगी फिट झाली. अकॅडम्या चालवणारे बहुतेक पुरुष, त्यांना मुली सांगत नाहीत आणि ते विचारत नाहीत.

आता आजोबांकडं येते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी लांब चालायला गेलं तर साखर एकदम खाली येऊ शकते, चक्कर, थरथर, रस्त्यात पडणं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये, आणि खिशात साखर, गोड गोळ्या किंवा बिस्किटं ठेवल्याशिवाय घर सोडू नये. त्यांच्यासाठी वेळेचा खरा फायदा जेवणानंतर आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप टू डायबेटिसच्या ४१ लोकांना रोज कधीही एकदा अर्धा तास चाला असं सांगून बघितलं आणि मग प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला असं सांगून बघितलं. चालणं तेवढंच, पण जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत १२ टक्के कमी आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, त्याचा हा परिणाम. आपली शतपावली, फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा मिनिटांची, आणि जेवण दहा-साडेदहाला न होता आठच्या आत झालं तर अजून छान.

आणि आपल्या लोकांबद्दल दोन गोष्टी अशा आहेत ज्या परदेशी लेखांचं भाषांतर छापताना निसटतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असं नाही. दुसरी, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटानं २००८ साली तिथल्या भारतीय लोकांचे स्नायू तपासले, तर इन्सुलिनचा प्रतिसाद खराब असूनही त्यांच्या माइटोकॉन्ड्रियाची क्षमता गोऱ्या लोकांपेक्षा उलट जास्तच निघाली. म्हणजे माइटोकॉन्ड्रिया वाढवा आणि डायबेटिस घालवा हे गणित आपल्याला इतकं सरळ लागूच पडत नाही. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस असल्याचं आलंय, त्यामुळं अर्धवट सल्ल्याची किंमत किती जण मोजतील याचा विचार करा.

संपादक महाराज, तुम्ही आरोग्याचे लेख छापता हे चांगलंच आहे, बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. फक्त प्रत्येक लेखाखाली एक छोटी चौकट द्या, हा प्रयोग कोणावर झाला, पुरुषांवर की बायकांवर, जाड की खेळाडू, आणि कोणी हे करू नये. बाथचा अभ्यास फक्त पुरुषांवर होता, डेन्मार्कचाही पुरुषांवरच, हे एवढं जरी लिहिलं असतं तरी आमच्या मैदानावरच्या मुलींनी जरा थांबून विचार केला असता. आणि आरोग्य खात्याला तुमच्या पानावरून विचारा की भरतीच्या मोसमात मैदानांवर, निदान तालुक्याच्या ठिकाणी, मुलींची हिमोग्लोबिन तपासणी का होऊ नये. बोटाला टोचून दोन मिनिटांत होणारी तपासणी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय असते, फक्त पहाटे मैदानावर कोणीतरी यायला हवं. जागा, सतरंजी, मुलींची यादी, नंतरचा पाठपुरावा सगळं मी बघते.

भरतीची जाहिरात निघाली की मैदानं गच्च भरतात आणि मग कोणाला ऐकायला वेळ नसतो, त्यामुळं हे त्याच्या आधी छापून आलं तर बरं.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर